अज्ञात

पंचनाम्यावर सही माझी आहे.
'अज्ञात वाहनाने धडक दिल्याने.'
अज्ञात हा शब्द मीच सुचवला,
जमादार नुसतं 'वाहन' लिहीत होता.

प्रफुल कोतवाल होता. वय सव्वीस.
पैनगंगेच्या उतारावर रात्री अडीचला
हात आडवा करून उभा राहिला,
दुसऱ्या हातात तहसीलचं पत्र.
टिप्पर थांबला नाही.
पत्र सकाळी पळसाला अडकलेलं सापडलं.

त्याचा मामा दौलत नगराळे, सुभेदार, इंजिनिअर पलटण,
पुण्यानुमोदनाला आला आणि परत गेला नाही.
चोवीस वर्षं त्यानं दुसऱ्यांनी पुरलेलं उकरलं होतं,
पालथा पडून, हातात सळई,
एका वेळी चार बोटं जमीन.
उजव्या हाताची दोन तिकडंच राहिली.

ठाण्यात सात वेळा गेला.
सातव्यांदा खुर्ची मिळाली, चहा मिळाला,
साहेब म्हणाले, देशसेवा झाली, आता आराम करा.
त्यानं भरला कप बशीत पालथा घातला
आणि उठला.

मग नदीकाठी काहीबाही होऊ लागलं.
तीन टिप्परच्या व्हॉल्वच्या पिना गेल्या,
नुसत्या पिना,
सकाळी खर्र्याच्या डबीत, मोजून तीस,
विजूभाऊच्या ओसरीवर.
मग पोकलेनभोवती सुतळी अन् लाल चिंध्या,
सुरुंगाच्या जागेला बांधतात तशा.
खाली काहीच नव्हतं.
तीन दिवस कुणी जवळ गेलं नाही.
गाव दार लावून हसलं.
विजूभाऊनं राखणीला दोन कुत्रे आणले,
ते सुभेदाराच्या खाटेखाली झोपायला लागले.

मी पाहत होतो.
पोलीस पाटलाचं काम पाहणं,
कळवणं वेगळं.

अवसेच्या आदल्या रात्री विजूभाऊ स्वतः उतरला, बोलेरो घेऊन.
वाट दाखवणारे चुन्याचे दगड
कुणीतरी नऊ पावलं डावीकडं सरकवले होते.
तिथं त्याच्याच पोकलेननं खोदलेला डोह,
वर दुधावरच्या सायीसारखी वाळू.

मी मोहाच्या झाडामागं.
गाडीचे दिवे पाण्याखाली थोडा वेळ पिवळे राहिले.
विजूभाऊ छातीपर्यंत.
सुभेदार काठावर उकिडवा, बाजूला दोराचं वेटोळं.
"हालू नोको. हाललं का अजून रुतते.
गाडी कोन चालवत होता?"
"पैसे देतो."
"कोन चालवत होता?"
"लेकरंबाळं आहेत मले..."
"प्रफुलचं पोट्टं चार महिन्याचं आहे. कोन?"
पाणी खांद्याला लागलं
तेव्हा विजूभाऊनं नाव घेतलं.

खरं सांगतो, मला वाटलं
दोर तसाच राहावा.
मग खुनी तो झाला असता,
आणि खुन्याचं कोण ऐकतं?

दोर पाण्यावर पडला.
आठ बोटांनी त्यानं विजूभाऊला ओढलं,
गाळातलं म्हसरू काढावं तसं,
शिव्या देत, थांबत, पुन्हा ओढत.
मी घरी पळालो. चपला विसरलो.

साडेचारला कडी वाजली.
सुभेदाराच्या पँटीला मांडीपर्यंत चिखल,
आणि हातात माझ्या चपला.
त्या उंबऱ्याशी जोडीनं ठेवल्या.
"जबाब लिहून घ्या, पाटील.
विजूभाऊ बाहेर बसला आहे, सही करते.
अन् डोहात टायराखाली दोन नंबरप्लेटी आहेत, त्याही लिहा."
"बसा, चहा टाकतो."
"उभाच बरा आहो."

मी कागद काढला. तारीख, वेळ, ठिकाण.
आतल्या खोलीत कूलर घरघरत होता,
आणि त्याखाली माझ्या रुपेशचं घोरणं,
लहानपणी नाक चोंदायचं तेव्हापासूनचं.
दोघांनाही ऐकू येत होतं.
सुभेदार विश्राममध्ये उभा,
पाय फाकलेले, हात मागं,
नजर माझ्या पेनाच्या टोकावर,
चार बोटं जमीन.

"पुरं नाव लिहा," तो म्हणाला,
"बापाच्या नावासगट."